रिमोटवाली घेऊ नका

— नाही, ते झाकण काढू नका. बघायला काढू नका आणि पुसायला तर मुळीच काढू नका, शर्टाच्या टोकानं काच पुसणारे दिवसाला चार येतात आणि मग मलाच विचारतात, ओरखडा कसा हो आला. असा आला. ठेवा खाली. हं. आता बोला — तीनपैकी चांगली कुठली, हाच ना प्रश्न? तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच मला कळलं, कारण तुमचं लक्ष दुकानात नव्हतं, मोबाइलमध्ये होतं. आठ-दहा व्हिडिओ बघून आला असाल. एक माणूस खोकं उघडतो, थर्माकोल बाजूला करतो, वा वा म्हणतो आणि व्हिडिओ संपतो. त्यातल्या एकानंही दुर्बीण आकाशाकडे वळवलेली नसते. पण तुम्हाला सगळं समजलं, आता माझ्याकडे फक्त खात्री करून घ्यायला आलाय. घ्या करून. मी त्यासाठीच बसलोय इथं.

तीन घराणी आहेत बघा. पहिली बिनडोळ्याची — हे नाव माझं, कंपनीनं काहीतरी भलतंच भारदस्त नाव दिलंय. हिला डोळा लावायची जागाच नाही. ती गच्चीवर ठेवायची, बटण दाबायचं आणि खाली येऊन सोफ्यावर बसायचं, ती आपली आपण फोटो काढून मोबाइलवर पाठवत राहते. फोटो सुंदर, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही बघितलं का? नाही बघितलं. यंत्रानं बघितलं आणि तुम्हाला कळवलं. लोकांना तेवढं पुरतं. दुसरी मोबाइलवाली. हिला डोळा आहे. स्टँडमध्ये मोटर आहे, मोबाइलवर शनीच्या नावावर बोट टेकवलं की गुरगुरत वळते आणि शनीवर जाऊन थांबते. गाव, तारीख, वेळ सगळं मोबाइलकडून घेते, तुम्हाला विचारत नाही — हे लक्षात ठेवा, तुम्हाला विचारत नाही. मध्येच जोडणी तुटते, थंडीत मोबाइल मान टाकतो, चार शिव्या द्याव्या लागतात, पण तुम्ही तीच घ्या. मुलीसाठी ना? केवढी आहे? तेरा. मग हीच. बांधून देऊ?

काय? तिसरी? तिसरीचं नाव मी घेतलं नव्हतं, तुम्ही घेतलंत. रिमोटवाली. ती मी ठेवत नाही. संपलेली नाही हो, ठेवतच नाही, नऊ वर्षं झाली. का म्हणजे? दोष आहे तिच्यात. सांगाल तिथं जात नाही, भरकटते. एक दुर्बीण नव्हे, अख्खं घराणं तसलं. आता तुम्ही म्हणणार, बाकी सगळी दुकानं विकतात — विकू देत, बाकीच्यांना विकायचंच असतं. मी इथं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, नको. कितीतरी लोकांना परत पाठवलंय. एकानं तर बाहेर फलकावर नाव होतं म्हणून वाद घातला, मग मी शिडी लावून फलकावरचं नावच खरवडून काढलं. बघितलंत ना येताना, एक पट्टा पांढरा आहे? तो तोच.

तुम्हाला ठाम तीच हवी आहे, असं दिसतंय. आणि कुणीतरी डोक्यात भरवलंय, हेही दिसतंय. कोण? बाई? कुठल्या बाई? शाळेतल्या. वा. शाळेतल्या बाईंना काय लागतं हो सांगायला, त्यांचा पगार चालूच आहे. सूर्यमालेचा तक्ता भिंतीवर टांगला की झाल्या खगोलशास्त्रज्ञ. पुस्तकातलं वाचून नाकानं कांदे सोलायचे आणि निस्तरायचं आम्ही. शनिवारी वर्ग घेतात? शाळेच्या गच्चीवर, दुर्बिणी स्वतःच्या आणतात, फी घेत नाहीत. बरं. दुर्बिणी कुठल्या — रिमोटवाल्या. दोन. असं. कुठली शाळा म्हणालात? ती, नदीपलीकडची. तिथं कधी … या बाई उंच आहेत का? नाही, सहज विचारतो. केस आखूड. आणि समोरच्याशी बोलताना मान जरा — अशी, उजवीकडे तिरपी करून बघतात? करतात ना.

बसा. बसा म्हटलं ना, ते स्टूल ओढा. नाही, ओळखत वगैरे काही नाही. म्हणजे ओळखतो. बहीण आहे माझी. धाकटी. आम्ही घरात बेबी म्हणतो, तुम्ही बाई म्हणा. तुम्हाला काय वाटलं, हे दुकान माझ्या एकट्याच्या अकलेवर चाललं? वडील चष्मे विकायचे, दोन कपाटं दुर्बिणींची होती तीही हौस म्हणून. दुर्बिणीचं दुकान तिनं केलं. बिनमोटरची नळी घ्यायची, नुसत्या हातानं इकडून तिकडे फिरवायची आणि म्हणायची, दादा बघ. बघावं तर बरोबर मध्यभागी. कशी शोधतेस म्हटलं तर म्हणायची, तारे काय पळून जातात का, काल होते त्याच्या जवळपासच असतात. मला तसं कधी जमलं नाही. मी गल्ल्यावर बरा, बोलायला बरा, यंत्रं आली तेव्हा यंत्रात बरा. मोटरवाल्या दुर्बिणी मी आणल्या, तिची इच्छा नव्हती. रिमोटवाली मीच आणली. पहिली दोन वर्षं मी तिची इतकी तारीफ केली असेन की कंपनीच्या माणसानं केली नसेल.

मग काय झालं, काय विचारता? दोष निघाला. तुम्हाला सांगितलं ना एकदा. सकाळचं प्रात्यक्षिक होतं, वर गच्चीत, आठ-दहा गिऱ्हाइकं जमलेली. भरदिवसा शुक्र दाखवायचा. दिसतो, का नाही दिसणार, जागा नेमकी माहीत असली की निळ्या आकाशात पांढरा ठिपका दिसतो, लोक वेडे होतात, त्या एका ठिपक्यावर माझ्या दोन-दोन दुर्बिणी खपायच्या. तर त्या सकाळी यंत्र भरकटलं. शुक्राऐवजी सूर्यावर गेलं. बेबीनं डोळा लावला. एक सेकंद — सेकंदसुद्धा नसेल. उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग आहे तिच्या, कडेनं दिसतं, म्हणून मान तिरपी करते. आता कळलं का मी कशाला नको म्हणतो ते? का अजून तुमच्या व्हिडिओवाल्याला विचारायचंय?

बरोबर आहे, सूर्य टाळायची सोय असते. सगळ्यांत असते, हिच्यातही होती. आता तुम्ही मला शिकवा. होती, पण यंत्राला सूर्य दिसतो थोडाच, ते आपलं हिशेबानं चालतं — एवढे वाजले म्हणजे सूर्य इथं, तिकडे फिरकायचं नाही. आणि वाजले किती, हे रिमोट तुम्हालाच विचारतो. तेच तर सांगतोय, या घराण्याची खोडच ती, चालू केलं की प्रश्नांची सरबत्ती. गाव कुठलं, तारीख काय, वेळ काय, उन्हाळी वेळ आहे की नाही. उन्हाळी वेळ म्हणजे — अहो, काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, आपल्याकडे ती भानगड नाही, पण यंत्र सगळ्या जगासाठी बनवलेलं, ते विचारतं, हो की नाही. नाही म्हणायचं, पुढे जायचं. दर वेळी तेच चार प्रश्न. आठवड्यात पन्नास वेळा दुर्बिणी चालू करणारा माणूस ते वाचत बसतो का? नाही बसत. तोंडानं गिऱ्हाइकाशी बोलायचं आणि अंगठ्यानं दाबत जायचं, एंटर, एंटर, एंटर, एंटर. आदल्या दिवशी कुणी चाळा करून तिथं हो करून ठेवलं असेल तर ते हो तसंच पुढे जातं.

एका तासानं काय होतं? एका तासानं काय होतं म्हणून विचारतात. हात लांब करा. सरळ करा हो, पूर्ण. मूठ वळा. अशी दीड मूठ आकाश सरकतं तासाभरात. शुक्र त्या दिवसांत सूर्याच्या बरोबर तासभर आधी उगवत होता, सूर्याच्या पुढे दीड मूठ. उन्हाळी वेळेला हो म्हटलं की यंत्र आपण भरलेल्या वेळेतून एक तास वजा करतं, म्हणजे त्याचं घड्याळ एक तास मागे. म्हणजे तासाभरापूर्वी शुक्र जिथं होता तिथं ते गेलं, आणि तासाभरानं तिथं कोण येणार? सूर्य येणार. आणि ज्या जागेला ते टाळत होतं ती आधीच रिकामी झालेली. त्याचा हिशेब अगदी चोख होता. मी नंतर कागदावर मांडून बघितला, तीनदा मांडला.

असे काय बघताय? दोष नाही तर काय मग? असलं यंत्र करावंच कशाला की अंगठ्याखालून एक हो निसटला आणि — मी पाठमोरा होतो. कुणीतरी स्टँडची किंमत विचारली, मी त्याच्याकडे वळलो, वळता वळता म्हटलं, बेबी, लागलाय बघ. मी आयपीसकडे, डोळा लावायच्या भिंगाकडे, बघितलंसुद्धा नव्हतं. एरवी मी तिथं तळहात धरून बघतो आधी, ऊन पडतंय का, दिवसा दुर्बीण लावली की तळहात धरायचा आणि मगच कुणाला बोलवायचं, मीच शिकवतो ते सगळ्यांना. त्या दिवशी नाही धरला. ती दुसऱ्या कुणाच्या शब्दावर असा डोळा लावणारी नव्हती. मी म्हटलं लागलाय, म्हणून लावला.

दवाखान्यात तिनं एकच विचारलं, काय झालं दादा? मी म्हटलं, यंत्रात दोष होता. तोंडातून निघून गेलं हो, तिच्या डोळ्यावर पट्टी होती, मला काय सुचणार. ती म्हणाली, असेल. मग आईला तेच सांगितलं, मेव्हण्यांना तेच, गिऱ्हाइकांना तेच. कंपनीचा माणूस आला, सबंध दिवस बसून यंत्र तपासलं, काही निघालं नाही म्हणाला, त्याला मी जिन्यावरून खाली हाकलला. एकदा बोललं की मग ते धरून ठेवावं लागतं, रोज धरावं लागतं, कुणी ना कुणी येऊन विचारतंच, रिमोटवाली आहे का. बेबी दुकानात यायची बंद झाली. भांडण नाही, काही नाही. आजही लग्नाकार्यात भेटली तर दादा जेवलास का म्हणून विचारते. मी हो म्हणतो आणि दुसरीकडे जातो. शनिवारी वर्ग घेते हे मला आज तुमच्याकडून कळतंय, आणि तिच्याकडे रिमोटवाल्या आहेत हेही.

मुलींना डोळ्याचं काय सांगते ती? विचारत असतीलच, तेरा वर्षांच्या पोरी काही सोडत नाहीत. नाही, तुम्ही सांगा, मला ऐकायचंय. मुलगी घरी येऊन काय म्हणाली तेच सांगा, पदरचं घालू नका. पहिल्याच दिवशी सांगितलं. बरं. यंत्रात काही खोट नव्हती. असं म्हणाली? तिनं म्हटलं, खोट नव्हती? म्हणून दोघींनी मिळून रिमोट भरायचा, एकीनं दाबायचं, दुसरीनं मोठ्यानं वाचायचं. चांगलं आहे. बरोबरच आहे ते. आणि?

काय म्हणालात?

पुन्हा सांगा. वेळ तिनंच चुकीची भरली, घाईत होती. असं सांगते ती मुलींना. नऊ वर्षं. कुणाकुणाला सांगितलं असेल. नाही हो, तुमच्या मुलीनं चुकीचं नाही ऐकलं, बरोबर ऐकलं असणार. पण रिमोटला ती शिवायचीसुद्धा नाही. तिला आवडायचाच नाही तो. लांब कठड्यापाशी उभी होती, हातात चहा होता तिच्या, मी बोलावलं म्हणून कप ठेवून आली. रिमोट माझ्या हातात होता.

नाही, पाणी नको. बाईंना फोन लावू का म्हणून तर विचारूच नका, खिशात ठेवा तो. उठा आता. मोबाइलवाली बिबाइलवाली काही घेऊ नका. चौकाच्या पलीकडे एक दुकान आहे, तो ठेवतो, त्याच्याकडून रिमोटवालीच घ्या. चांगली आहे. आणि तुमच्या मुलीला सांगा — नको, मुलीला कशाला, सांगायचं तर मलाच जावं लागेल. जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या, कुणी आत यायला नको.