तिसऱ्या अंकातली तार

(वेस्ट विंडसर. थोरली मिल्का आणि काल पॅरिसहून आलेली धाकटी सिफोरा स्वयंपाकघरात वालाचं बिरडं सोलतायत.)

मिल्का: तुला बोलवायला आईने सांगितलेली तार मी पाठवलीच नाही, कागद चुलीत टाकला. असं लिहिलंयस ना तिसऱ्या अंकात?

सिफोरा: तुला कोणी सांगितलं?

मिल्का: माझी नात अनया शाळेत फ्रेंच शिकते. तुझ्यासारखं व्हायचंय तिला, कविता, नाटकं! रोज एकेक पान वाचून मराठीत सांगत होती मला.

सिफोरा: ताई, नाटक आहे ते. त्यातली बहीण म्हणजे तू नव्हेस.

मिल्का: रेवदंड्याचं घर आपलं, शनवारी बंद असणारा तेलाचा घाणा आपला, दमेकरी आई आपली. बहीण तेवढी शेजारची?

सिफोरा: नाटकात असं बदलावं लागतं, ताई.

मिल्का: दोन तारा केल्या मी, अलिबागला जाऊन. तुझं उत्तर आलं, गुरुवारी पहिला प्रयोग, येता येत नाही. जाईपर्यंत आठ दिवस आई दाराकडे बघत होती गं.

सिफोरा: माझं पहिलं नाटक होतं! तिकडे मी कोण? काळी, ज्यू, उच्चारांना सगळे हसायचे. तो प्रयोग सोडला असता तर संपलेच असते मी.

मिल्का: मग तसं लिहायचं.

सिफोरा: लिहिलं होतं आधी. मलाच वाचवेना.

मिल्का: म्हणून मला दुष्ट केलंस. वर दर दोन वर्षांनी येऊन माझ्या हातचं जेवलीस.

सिफोरा: लाज वाटते मला.

मिल्का: तुझी लाज काय चाटायचीय? चार दिवस अनया माझ्याशी धड बोलत नाहीये. रविवारी इथल्या कॉलेजात तुझ्या नाटकाचा प्रयोग आहे, त्याच्या आत तिला खरं सांग.

सिफोरा: बोलाव.

मिल्का: अनया! खाली ये गं जरा.

अनया: काय झालं, आजी?

सिफोरा: अनया, ती तार मला मिळाली होती. तुझ्या आजीने पाठवली होती. मीच गेले नाही. नाटकात मी खोटं लिहिलं.

अनया: सिफोराआजी, इट्स ओके.

सिफोरा: काय ओके?

अनया: तू आजीला प्रोटेक्ट करतेयस. आय गेट इट. पण तो सीन वाचून मी इतकी रडले! असं कोणी इन्व्हेंट करूच शकत नाही.

सिफोरा: अगं, मी केलंय!

अनया: डोन्ट वरी. मी आजीला फर्गिव्ह केलंय, रिअली. होमवर्क आहे, जाते मी.

सिफोरा: ताई, मी पुन्हा सांगते तिला. उद्या नीट समजावून सांगते.

मिल्का: राहू दे. छान लिहितेस गं तू.