शकूला भोंगा म्हणतात, त्याची खरी गोष्ट

आमचं गाव चाकणच्या अलीकडं. आता तिथं गोडाऊनच गोडाऊन, पण माझ्या लहानपणी कांद्याची वावरं होती आणि संध्याकाळी इतकं शांत असायचं की लांबच्या वस्तीवर कुणी खोकलं तरी आई ओळखायची, आबा खोकला, आणि मलाही ते ऐकू यायचं. म्हणजे जन्मापासून मी असा नव्हतो, ताई, हे आधी लिहून घ्या. मी बबन. मिसरूड फुटायच्या वयात भोसरीला प्रेस शॉपमध्ये लागलो आणि म्हातारा होऊन तिथनंच बाहेर पडलो. प्रेस शॉप म्हणजे काय सांगू तुम्हाला, वरनं मोठा ठोकळा येतो, धाड, खाली पत्र्याचा गाडीचा दरवाजा झालेला असतो, ठोकळा परत वर, परत धाड, आणि अशी मशिनं एका ओळीत, सगळी शिफ्ट. तिथं कुणी तोंडानं बोलत नाही. हाताच्या खुणा करायच्या आणि समोरच्याचे ओठ बघायचे. डबा खायला चल, सुपरवायझर आला, पोरगी झाली रे मला, सगळं ओठांवर. आवाज न काढता शिव्या द्यायचो आमी एकमेकांना आणि पोट धरून हसायचो.

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग मागनं येणारी सायकल, मग शकू गेली. शकू म्हणजे माझी बायको, शकुंतला. कंपनीत दरवर्षी कान तपासायचे, काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावायचे, टुक वाजलं की बटण दाब म्हणायचे. मला कुठलं टुक आणि कुठलं काय, पण काचेतनं तपासणाऱ्याचा अंगठा दिसायचा, तो हलला की मी दाबायचो. दरवर्षी पास. बहिरा आहे कळलं असतं तर मशिनवरनं काढून झाडलोटीला घातलं असतं, ही एक भीती, आणि दुसरं म्हणजे लाज हो, बबन बहिरा म्हणून हाक मारली असती सगळ्यांनी, आणि तीसुद्धा मला ऐकू आली नसती.

शकूला मात्र कळलं. कसं कळलं देवाला माहीत, मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. फक्त आवाज चढवला. आवं, जेवायला या. आवं, गॅस संपलाय. काळेवाडीला आमच्या चाळीत भिंती पातळ, सगळ्यांना ऐकू जायचं. मग ती सवयच लागली तिला, पोरांशी, भाजीवाल्याशी, फोनवर, सगळीकडं तसंच. लोकांनी नाव ठेवलं, भोंगा. कंपनीचा वाजतो ना शिफ्ट सुटताना, तसा. भोंगा वाजला, बबनराव, जा घरी, असं टपरीवर म्हणायचे, आणि मी हसायचो. त्यांचे ओठ वाचून हसायचो.

नितीनचं, आमच्या मुलाचं लग्न झालं. सून पल्लवी सांगवीची, हळू बोलणारी मुलगी. तिला वाटलं सासू आपल्यावर ओरडते. चहा घे गं हेसुद्धा भांडणासारखं वाटायचं तिला. वर्षभर तिनं सोसलं, मग ती दोघं रहाटणीला राहायला गेली. टेम्पोत सामान चढत होतं, शेजारचे बघत होते, व्याही माझ्याजवळ येऊन काहीतरी समजुतीचं बोलले, आणि मी म्हणालो, तोंडच तसलं आहे तिचं, काय करणार. शकू दारातच उभी होती. माझे कान गेलेत, तिचे नाही. ती आत गेली आणि पल्लवीसाठी काढून ठेवलेलं लोणचं घेऊन आली, बरणी टेम्पोत ठेवली.

त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट. मी रिटायर झालेलो, तरी आमच्या घरात सुट्टी म्हणजे गुरुवारच. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची लाइट गुरुवारी बंद असते, त्यामुळं रविवार आमच्या नशिबात कधी आलाच नाही. तर एका गुरुवारी शकू म्हणाली, लोणावळ्याला जाऊ. इतकी वर्षं तासाभराच्या अंतरावर राहून आमी कधी गेलो नव्हतो. तिनं पोपटी साडी नेसली. चिंचवडवरनं लोकल धरली, डबा मोकळा, ती खिडकीशी. तळेगाव मागं पडलं आणि डोंगर जवळ येऊ लागले, हिरवे, अंगावर पाण्याच्या पांढऱ्या रेघा, आणि मला सगळं नेहमीसारखं आवाजाशिवाय, जसं झोपेत दिसतं तसं. खरं सांगू, तो दिवस मला स्वप्नच वाटतो अजून. ओले रस्ते, छत्र्या, भाजलेल्या कणसाचा धूर. शकूनं प्रत्येक दुकानात चिक्कीचा नमुना खाल्ला आणि परत फिरून पहिल्याच दुकानातनं घेतली. मी म्हटलं, मग हिंडलीस कशाला. म्हणाली, फुकट खायला. दुकानदारसुद्धा हसला.

रिक्षानं दरीच्या पॉइंटवर गेलो. तिथं दरी नव्हतीच. धुकं. कठड्याला टेकून माणसं नुसती पांढऱ्याकडं बघत उभी. शकू म्हणाली, आवं, एवढ्या लांब येऊन दुधातच बघायचं व्हतं तर घरी पातेलं व्हतं की. बाजूला कॉलेजची पोरंपोरी दरीत हाका मारत होती, एकमेकांची नावं घेऊन. आवाज परत येतो म्हणे तिथं. त्यातली एक पोरगी शकूला म्हणाली, आजी, तुम्ही मारा ना हाक. आणि मी, काय अवदसा आठवली मला, मी म्हणालो, मार की, तुझ्यासारखा भोंगा कुणाकडं आहे.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग कठड्यावर बसली, मला समोर बसवलं आणि बोलायला लागली. आवाज न काढता. नुसते ओठ. इतकी वर्षं मी कंपनीत ओठ वाचले आणि घरी तिनं घसा फोडला, मी तिला कधी सांगितलंच नाही की ओरडू नकोस, नुसती माझ्यासमोर ये. धुकं मधनं यायचं, तिचं तोंड पुसून जायचं, परत दिसायचं. मधले शब्द धुक्यात जायचे. म्हणाली, माहेरी मला मुकी म्हणायचे. म्हणाली, माझ्या आवाजानं निजलेलं मांजर कधी उठलं न्हाई. मग धुकं आलं. मग दिसलं, पल्लवीला मी एकदासुद्धा रागावले न्हाई. परत धुकं. मी म्हटलं, थांब, दिसेना, परत सांग. ती वाकून जवळ आली आणि सावकाश, एकेक अक्षर, लहान पोराला शिकवतात तसं, म्हणाली, तुम्ही तरी तसं म्हणायला नको व्हतं.

मला काय झालं माहीत नाही. मी उठलो, कठड्याला धरलं आणि दरीत ओरडलो, मी बहिरा हाय! शकू न्हाई ओरडत, मी बहिरा हाय! पोरं आधी हसली, मग गप झाली. शकूनं पदर तोंडाला लावला. मी विचारलं, आला का परत? ती मान हलवून म्हणाली, आला. हाय हाय म्हणतोय.

परतल्यावर घरी न जाता चिक्कीचा पुडा घेऊन रहाटणीला गेलो. नितीन-पल्लवीला समोर बसवून अंगठ्याचं, काचेचं, टेम्पोपाशी बोललेलं, सगळं सांगितलं. पल्लवी रडायला लागली. म्हणाली, आई, तुम्ही का नाही सांगितलं? तर शकू इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, नवऱ्याचं उणं मी सांगत फिरायचं व्हय गं? आणि मग पल्लवी रडता रडता हसली.

ती दोघं अजून रहाटणीलाच आहेत. परत या असं मी म्हटलं नाही, त्यांचा संसार तिथं लागलाय, सुखात राहू देत. पण गुरुवारी पल्लवी ऑफिसातनं परस्पर आमच्याकडं येते आणि शकूचं बोलणं न घाबरता ऐकते. टपरीवर कुणी भोंगा म्हटलं की मी चहा खाली ठेवतो आणि पहिल्यापासनं सगळं सांगतो. आता लोक कंटाळतात. कंटाळू देत.

नितीननं मला कानाचं मशीन आणलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा पंखा, नळ, रस्ता, सगळं अंगावर आलं, काढून फेकावं वाटलं. मग त्या सगळ्याच्या खालनं काहीतरी बारीक ऐकू आलं, आतल्या खोलीतनं. जाऊन बघितलं तर शकू तांदूळ निवडत बसलेली आणि गुणगुणत होती. इतका हलका आवाज, ताई, कापसासारखा. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, हे कधीपासनं गं?

ती मान वर न करता म्हणाली, थांबले कधी व्हते?