पाणी कुठून येतंय

हॅलो? … कोण, मनिषा? मोठ्याने बोल गो, बोटीच्या पोटात आहे मी, इथे रेंज धड नाही… हो, हो, सापडलं. पाणी कुठून येतंय ते सापडलं… अगो, ऐक तर.

नाही, पंख्याच्या शाफ्टकडून नाही. तिथलं पॅकिंग दोनदा बदललं ना… बर्फाचं? तेच, तेच! पाच महिने तुझा नवरा तेच सांगतोय. वहिनी, बर्फ वितळतो, त्याचं पाणी आहे. मी म्हटलं, भावोजी, बर्फाचं पाणी खारट कसं? … हो, चाखलं. करंगळी बुडवून जिभेवर. शी काय त्यात, मासे विकते मी.

मग काय. ओहोटीला बोट वाळूत बसली, बाबल्या मेस्त्रीला बोलावून घेतलं. म्हटलं, बाहेरून आत शोधून दमलो, आता आतून बाहेर शोधू. बादल्यांनी पाणी आत ओतलं आणि त्यात हळद… हळद, हळद! घरातली. डबा रिकामा केला… आण दुसरी. तर बाबल्या खाली वाळूत आडवा पडून बघतोय, मी वर. घटकाभराने ओरडला, वैनी, पिवळा थेंब!

कुठे?

तू सांग ना, कुठे असेल.

नाही. आधी तू सांग.

… बरं. पुढे, नाळेकडे, अगदी टोकाला. पुढच्या खणाच्या तळाशी. ज्या फळ्या तुझा नवरा मला उचलू देत नव्हता ना, त्यांच्याखाली. तिथे हात लावू नका वहिनी, तिथे देवाचं आहे. आणि मी वरून उदबत्ती ओवाळायची. पाच महिने ओवाळली.

हॅलो? … हॅलो, मनिषा? आवाज गेला वाटतं… आहेस?

खिळा आहे. लोखंडी, वीतभर. दोन फळ्यांच्या सांध्यात ठोकलाय… अगो, सांध्यात! फळीत नाही, सांध्यात. गंजला, फुगला, पाणी अडवणारा आतला कापूस सगळा सुटला. बाबल्या म्हणतो, दर्यावर जन्म गेलेला माणूस सांध्यात लोखंड मारतो कसा? मी काय सांगू त्याला?

आणि खिळ्याच्या डोक्याखाली काय अडकवलंय… माहीत आहे? मग तरी ऐक. बिब्बा. लिंबाची साल, काळी ठिक्कर. आणि चिंधी, निळी. … मनिषा, माझ्या ब्लाऊजची बाही आहे ती. काखेत चौकोनी ठिगळ. स्वतःचा टाका मी ओळखणार नाही?

कोणी फाडली?

… कोणी?

तू. … कात्रीने की हाताने? … काही नाही. विचारते आपलं.

आणि कधी? … दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. थांब, थांब. मी घरात कुठे होते तेव्हा? मी देवरूखला होते. हॉस्पिटलात, तुझ्या आईचं भांडं धरून बसले होते… तूच पाठवलंस ना मला? वहिनी, तुमच्याशिवाय तिला कोणाचा हात चालत नाही. म्हणालीस की नाही? … हो, हो, म्हणालीस.

देवऋषीने करायला सांगितलं? बरं, काय म्हणाला तो? … नाही, त्याच्याच शब्दांत सांग… काय? … नवरा गिळलेल्या बाईचा पाय बोटीवर पडतो. … गिळलेल्या म्हणाला? आणि तुम्ही दोघं समोर बसून मान हलवत होतात?

अगो, जेटीवर बर्फाची पेटी उचलताना अटॅक आला ह्यांना. तू तिथे होतीस! मी होते का? मी घरी भाकऱ्या थापत होते. … मग? … मासे मिळाले नाहीत तर तो माझा पाय? सगळ्या जेटीला कमी मिळाले यंदा, सगळ्यांच्या बोटीवर मीच चालले होते? अर्धी बोट ह्यांची होती, ती आता माझी आहे, म्हणून पाय पडतो. ते टोचतंय तुम्हाला…

बाबल्या, थांब जरा. खिळा नुसता पकडीत धरून ठेव.

काय? … काढू नको? … मनिषा, चारला भरतीचं पाणी बोटीला लागतं. आत्ता तीन वाजून गेले. पहाटे तुझा नवरा हीच बोट घेऊन जाणार, चार माणसं बरोबर… काढला तर त्याला काही होईल? अगो, ठेवला तर होईल! फळी सुटली तर पंप किती उपसणार?

नाही, ओरडत नाही मी. … हो, तुझं कुंकू. कळतं मला. मला नाही कळणार तर कोणाला?

बाबल्या, काढ.

… हो, काढला. ऐकलास ना आवाज?

काय म्हणालीस? … मग तो बोटीवर जाणार नाही. … तू पाठवणार नाहीस. … बरं. भोक होतं तेव्हा रोज पाठवलास, टिळा लावून. आता बुजवायला घेतलं तर पाठवत नाहीस.

रडू नको. पुस डोळे… कोण खोकलं? … मनिषा, कोण खोकलं तिथे? … बाजूला बसलाय? कधीपासून? … फोन स्पीकरवर आहे. पहिल्यापासून. वा गो.

नको, हातात देऊ नको. ऐकतायत ना, बास. भावोजी… आहात ना? माझ्या पायाचं नंतर बघू. एकच सांगा. मागच्या महिन्यात वाऱ्यात सापडलात, बोट गुडघाभर भरली, पाचही जण डब्यांनी उपसत होतात… तेव्हा तरी तुम्हाला हा खिळा आठवला होता का? की तेव्हासुद्धा मीच आठवले? … भावोजी? … नुसतं हो किंवा नाही सांगा.

… हॅलो? … हॅलो?

ठेवला.

बाबल्या, तू कशाला थांबलास? मार खुंटी भोकात. पाणी चढतंय.