व्हरांड्यातली पितळी घंटा

नाही हो, असं मधूनच नका विचारू—क्लबाचा हॉल केवढा, भाडं किती, खुर्च्या कशा. ते सेक्रेटरीसाहेब आल्यावर सांगतील. मी सांगते ते मुळापासून ऐका. एक होता कप्तान, एक होता डॉक्टर, दोघांत मिळून एक शिडाची होडी, आणि ती होडी बांधणारा एक सुतार. सुताराला या क्लबात कुणी धरत नाही, पण मी धरते—माझा आजेसासरा तो. तर हे तिघं ते समोरचं दीपगृह दिसतंय ना—वारा बघा मेला कसा उठलाय—त्याला वळसा घालून आले, आणि कप्तान म्हणाला, झाला आपला क्लब! जो स्वतः सुकाणू धरून दीपगृहाला वळसा घालून परत येईल, तो आपला मेंबर. आजही नियम तोच.

चला, चालता चालता बोलू, मला आज एका जागी बसवत नाही. हा उतार, होड्या पाण्यात सोडायचा—जपून, शेवाळ आहे. ही शिडांची खोली. ओली शिडं इथे टांगायची, फाटली तर मी शिवायची. वास येतो म्हणता? येत असेल, माझं नाक मुरलंय त्यात. तिकडे न्हाणीघरं, गरम पाणी चोवीस तास, मेंबरांना. पलीकडे बार, तिथे मी फक्त फरशी पुसायला—थांबा, शीड दिसलं का? नाही. मासेवाल्यांची होडी ती.

आणि ही घंटा. अहं, हात नका लावू, बोटं उमटतात! आधी माझी सासू घासायची, आता मी. होडी बंदराच्या तोंडातून आत शिरली, की जो सुकाणूवर बसलेला असेल त्याच्या घरच्यानं ही वाजवायची. बायको असो, आई असो. परक्यानं नाही. आज दीपगृहाच्या वळशाची शर्यत, सगळ्यांच्या वाजून झाल्या—एकच होडी राहिलीय. बघा, किती डाग पाडलेत. पुसूनच घेते, हात रिकामा राहवत नाही. आधी आत लोंबणाऱ्या लोळ्याला असं फडकं गुंडाळायचं, घट्ट गाठ मारायची, नाहीतर पुसताना वाजते आणि सगळे धावत येतात.

मी? मी कशाला वाजवली असेल? आमचे हे क्लबाचे सुतार होते, पण शर्यत आली की मोठ्या साहेबांच्या होडीत. सबंध वाट सुकाणू ह्यांच्या हातात, कसलीही लाट असो. आणि बंदराचं तोंड आलं की हे उठायचे, साहेब तिथे बसायचे. मग बाईसाहेब घंटा वाजवायच्या, मी टाळ्या. कुणी उठवायचं नाही हो त्यांना, आपणहून उठायचे. मी एकदा म्हटलं, का उठता? तर म्हणाले, ‘अगं, होडी त्यांची आहे.’ घरी आल्यावर मात्र हात धूत बसायचे. कितीतरी वेळ. माझ्या मुलानं पाण्याकडे पाठच फिरवली, गाड्या दुरुस्त करतो. पण त्याची पोरगी, आमची भिंगरी—

हो, तीच. तीच आहे त्या होडीत. धाकट्या साहेबांचा जोडीदार आजारी पडला म्हणून हिला नेली. सूनबाईला वाटतंय पोरगी मैत्रिणीकडे गेलीय, तेव्हा तुम्ही कुठे बोलू नका. सुकाणू हिच्याकडेच आहे. सकाळी मी तिला म्हटलं, बंदराचं तोंड आलं की—जाऊ द्या. काय म्हटलं ते जाऊ द्या. म्हटलं, ऊठ आणि जागा दे. असे बघू नका माझ्याकडे! साहेबांच्याच खोल्यांत राहतो आम्ही. ती बुटाची नाडी बांधत राहिली नुसती.

अहो, ते—ते निळं ठिगळ! मी लावलेलं! तीच होडी! घ्या, ती दुर्बीण घ्या, तुमचे डोळे धड आहेत. दोघं आहेत ना? आहेत ना दोघं? हुश्श. आता मागे बघा, सुकाणूपाशी कोण? भिंगरी? उठतेय का ती? नीट बघा हो! साहेब उठले? अगबाई, जागा मागताहेत? नाही? मग हात कसला हलवताहेत—बस म्हणताहेत? खरंच? आणि ही? बसलीय? तोंडातून आत आली का होडी? आली? आणि अजून बसलेलीच?

सरका. सरका हो बाजूला, दोरी द्या ती. आलात का? ओरडू नका सेक्रेटरीसाहेब, नियम तुमचाच आहे, घरच्यानं वाजवायची, आणि मी तिच्या घरची! हे काय? ओढतेय की मी. वाजत का नाही ही? अगं माझे आई, फडकं! माझीच गाठ, सुटते कुठली—दातांनी बघते—हं. सुटली.

मेंबर झाली हो आमची पोर! सुताराच्या घरातली पहिली. तुमचा हॉल उद्या बघा. आता कान झाका, आणि एक अक्षर बोलू नका.