पाच, पाच आणि एक

सर्बियातल्या सुबोतित्सा गावच्या इस्पितळात, मुलांच्या मानसोपचार वॉर्डाबाहेर भेटीच्या वेळेची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर, वॉर्डात दाखल असलेल्या तियानाची आई आणि वॉर्डातल्या शाळेच्या बाई बोलत होत्या.

“भाषेत पाचपैकी पाच, इतिहासात पाच. बाई, घरी पुस्तकाला हात लावत नव्हती ती!”

“इथे लावते, वेरित्साताई.”

“गोळ्यांनी दिवसभर पेंगते पोरगी, आणि म्हणे इतिहास! मला गप्प बसवायला मार्क वाटताय ना?”

“तिचे पेपर बघा की.”

“आणि दाखल्यावर इस्पितळाचा शिक्का मारणार. मग जन्मभर ‘वेड्यांच्या शाळेतली’!”

“दाखला तिच्या जुन्या शाळेचाच मिळतो. त्यावर आमचं नावसुद्धा नसतं.”

“सांगायला काय जातंय तुमचं! थांबा, हे काय? फिजिक्समध्ये एक?”

“हो. नापास झाली.”

“आजारी पोरीला नापास केलंत?”

“अभ्यासच केला नव्हता तिने. सोमवारी पुन्हा तोंडी घेणार आहे. सोडणार नाही.”

“हा एक तरी खरा आहे ना?”

“खरा आहे.”

“फिजिक्सची वही घरीच राहिलीय तिची. आत्ता आणायला निघाले तर पाचची बस मिळेल का हो?”