सात दिवसांत, कारण न सांगता परत

…आणि मी विचारलं तरी काय हो? कारण विचारलं. वस्तू परत करताय ना, मग कारण सांगा. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, फोनवर लिहूनच विचारायचं होतं, त्यात आवाज कुठून चढणार? पण नाही, घरात सगळ्यांची तोंडं अशी, जणू मी कुणाच्या गंजीला काडी लावली.

तुम्हाला सांगतो, एकोणपन्नास वर्षं मी पाव वाफवायच्या करंड्या करतोय. बांबू थंडीतच तोडायचा, उन्हाळ्यातल्याला कीड लागते. मग कामट्या काढा, तासा, वाकवा, शिवा… खिळा नाही, डिंक नाही. तालुक्याला लाओ न्येचं भांड्यांचं दुकान होतं, माझा सगळा माल तो उचलायचा. कुणी करंडी परत आणली की न्ये गल्ल्यावरून ओरडायचा, "काय झालं?" अख्खं दुकान वळून बघायचं. गिऱ्हाईक मान खाली घालून कारण सांगायचं, ते माझ्यापर्यंत यायचं, पुढची करंडी सुधारायची. ही झाली माणसांची रीत!

मग ते फोनमधलं दुकान आलं. लोक न्येकडे यायचे, करंडी हातात घ्यायचे, फोटो काढायचे, न्येचा चहा प्यायचे आणि घरी जाऊन फोनवरून मागवायचे. न्येने दुकानाला कुलूप लावलं. तालुक्याला एक परदेशी बाजार होता, आपोआप उघडणाऱ्या दारांचा, त्या दारांना आता साखळी आहे. मध्यंतरी त्या फोनवाल्या कंपनीचे एक साहेब गावात भाषण द्यायला आले. म्हणाले, समुद्रापलीकडच्या बड्या बड्या दुकानदारांनी आपल्या कंपनीपुढे हात टेकले, आता आपण त्यांच्या अंगणात जाऊन माल विकतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न्येनेही वाजवल्या! मी उभा राहिलो, विचारलं, "हे जमवलं कसं?" साहेब पाऊण तास बोलले. मला ढिम्म कळलं नाही.

तर माझी सून, फांगयिंग. नऊ वर्षं नवऱ्याबरोबर दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात होती. नव्या वर्षाला घरी यायची, आणि तिचीच मुलगी तिला बघून आजीच्या मागे लपायची. गेल्या वर्षी ती नोकरी सोडून आली आणि त्या कंपनीत, म्हणजे फोनमध्येच हो, आमच्या करंड्यांचं दुकान उघडलं. मला म्हणाली, "बाबा, चाललं तर राहीन. नाही तर वसंतात परत कारखाना." एकदाच म्हणाली.

दुकानाचे नियम दोन. पहिला, सात दिवसांत माल परत आला तर घ्यायचा, कारण विचारायचं नाही. आणि दुसरा… सांगायला लाज वाटते. प्रत्येक गिऱ्हाइकाला 'जिवलग' म्हणायचं. जिवलग, करंडी निघाली. जिवलग, करंडी पोहोचली का? समोर माझ्या वयाचा टकला असला तरी जिवलग! मी म्हटलं, "फांगयिंग, मी माझ्या बायकोला कधी असं म्हटलं नाही." तर स्वयंपाकघरात पळी जोरात आपटली. मला वाटलं, बायकोच्या हातातून निसटली असेल.

आता बघा, अकराव्या महिन्याचा मोठा सेल चार दिवसांवर. तेव्हा दुकानाचे गुण घसरले, की दुकान तळ्यात टाकलेल्या दगडासारखं खाली जातं, कुणाला दिसतच नाही. फांगयिंग खोकी आणायला गेली, फोन माझ्याकडे. आणि तेवढ्यात हार्बिनच्या एका बाईचा निरोप, करंडी परत करतेय. मी फोनमध्ये बोललो, त्याने लिहिलं: कारण सांगा. ती म्हणते, कारण लागत नाही. मी म्हटलं, मला लागतं. तिनं पुन्हा नियम दाखवला. मी पुन्हा कारण मागितलं… तिसऱ्यांदा बाईने पाचपैकी एकच चांदणी दिली आणि खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, 'करंडी ठीक आहे. दुकानदार पोलीस चौकीतून आलाय.'

फांगयिंगने येऊन वाचलं. कपाटावरची बॅग खाली काढली आणि पुसायला लागली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "धूळ बसली होती." नात जाऊन त्या बॅगेवर बसली, उठेना.

मग काय करणार सांगा? फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो. फोनने आधी माझा खोकला ऐकला. शेवटी म्हटलं, "जिवलग. कारण नका सांगू. चुकलं माझं."

उत्तर आलं, "आजोबा आहात का? माझी करंडी पातेल्यात पडली. नवी सासू समोर बसलेली, आणि सगळे पाव पाण्यात. हे कसं लिहू मी?"

तेव्हा कळलं हो! साहेबांच्या पाऊण तासात कळलं नव्हतं ते. कारण प्रत्येकाकडे असतं, पण सांगायची लाज वाटते. आमच्या न्येने त्या पोरीला भर दुकानात बोलायला लावलं असतं, आणि ती पुन्हा त्याची पायरी चढली नसती. या कंपनीने विचारलंच नाही. कारण विचारलं नाही आणि जिवलग म्हटलं… तेवढ्यावर जग घेतलं की काय यांनी? मी तिच्या पातेल्याचं तोंड मोजून मागवलं, दोन बोटं मोठी करंडी करून पाठवली. तिने पाच चांदण्या दिल्या. सेल पार पडला. बॅग परत कपाटावर गेली.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी एक मागणी आली. गाव आमचं. घर आमचं. नाव शू ग्वेयुन, म्हणजे माझी बायको! स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून कोबी चिरतेय. मी म्हटलं, "ए, तुझ्या मागे तीस करंड्या रचल्यात, घे की त्यातली." मागे न बघता म्हणते, "म्हाताऱ्या, मी गिऱ्हाईक आहे." आणि सून हळूच म्हणते, "बाबा, उत्तर द्यावं लागतं. नाही तर गुण जातात."

लिहिलं. आधी तो शब्द लिहिला, मग करंडी निघाली म्हणून लिहिलं. ती करंडी आमच्या दारातून तालुक्याला गेली, तिथून शहरात गेली आणि दोन दिवसांनी आमच्याच दारात आली. बायकोने सही करून घेतली.

आज सातवा दिवस. अजून परत केलेली नाही.

मी कारण विचारलेलं नाही.