परीबाई कधी येणार?

आमच्या आईचं ऐका. दुष्काळात मेंढरं विकून आम्ही पाचोडहून शहरात आलो. आई नव्या बिल्डिंगींवर कामाला जायची अन् संध्याकाळी टीव्हीवर परीची मालिका बघायची. माझ्या बहिणीनं एका स्पर्धेत आईचं नाव घातलं आणि त्या परीशी तीन मिनिटं व्हिडिओवर बोलायचा नंबर लागला.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. फोनवर साध्या कुर्त्यातली एक पोरगी आली.

"नमस्कार मावशी."

"नमस्कार. परीबाई कधी येणार?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर पोरगीनं मला डोळ्यानंच गप्प केलं.

"येतील. तोवर माझ्याशी बोला."

"जेवलीस का गं?"

"नाही. सकाळपासून शूटिंग चालू आहे."

"बाई जेवू देत नाय व्हय?"

"जाड झालीस तर पंख शोभणार नाहीत, म्हणतात."

आई भडकली. "एवढी मोठी परी, अन् अक्कल नाय? सांग तिला, पोट मारून काम करू नये!"

पोरगी हसली, मग डोळे पुसायला लागली. तेवढ्यात वेळ संपला.

"आई, तीच परी होती."



"म्हंजे तिला तिच्या तोंडावर बोलले मी?"

"व्हय."

"बरं झालं. दुसऱ्याकडून निरोप गेला असता, तर तिनं ऐकला नसता."